ट्रायकोग्रामा आणि तापमान

ट्रायकोग्रामा ही पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवर वाढणारी, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची परोपजीवी गांधीलमाशी. मादी किडीच्या ताज्या अंड्यात आपले अंडे घालते. तिची अळी आतला द्रव खाऊन तिथेच कोषात जाते आणि प्रौढ माशी कवचाला भोक पाडून बाहेर पडते. किडीची अळी जन्मालाच येत नाही. महाराष्ट्रात उसावरील खोडकीड व कांडी कीड आणि कपाशीवरील बोंडअळ्या यांसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस वापरतात, तर भातावरील खोडकिडा आणि उसावरील शेंडे कीड यांसाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम. शेतकऱ्याच्या हाती ती पडते ट्रायकोकार्डच्या रूपात. एका कार्डावर सुमारे २०,००० परोपजीवीग्रस्त अंडी चिकटवलेली असतात.

कार्ड लावूनही कीड हटली नाही, अशी तक्रार आली की दोष बहुधा कार्डाला दिला जातो. पुष्कळदा कारण तापमानाचे असते.

कीटकांचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते. साधारण १० अंश सेल्सिअसखाली ट्रायकोग्रामाची वाढ जवळजवळ थांबते. त्यावरचा प्रत्येक अंश रोज जमा होत गेला आणि बेरीज सुमारे १५० अंश-दिवसांवर पोचली की माशी बाहेर येते, असा ठोकताळा धरता येतो. २८ अंशांना रोज १८ अंश जमा होतात, म्हणून ८ ते ९ दिवस लागतात. २० अंशांना १५ दिवस आणि १५ अंशांना महिनाभर. हे गणित मधल्या पट्ट्यातच चालते. ३२-३३ अंशांपुढे वाढीचा वेग फारसा चढत नाही आणि ३५ अंशांपुढे कोषातच मरणाऱ्या माश्या वाढतात. प्रयोगशाळेत दिवसरात्र सारखे २७ अंश असतात, शेतात मात्र पहाटे २२ आणि दुपारी ४० असू शकतात. शेतातली सरासरी ३१ च्या आसपास, म्हणजे गणिताच्या पट्ट्यातच असली तरी दुपारचे ते तीन-चार तास सगळा हिशेब बिघडवतात.

उष्णतेचा सर्वांत मोठा घाव प्रौढ माशीवर बसतो. इतक्या लहान शरीराला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार, त्यामुळे कोरड्या हवेत ते झपाट्याने सुकते. २५ अंशांना मध किंवा मकरंद मिळाल्यास आठवडाभर जगणारी मादी कडक उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत संपते, तेही पोटातली बरीच अंडी न घालता. दुसरा घाव लिंगगुणोत्तरावर. या कुळात फलन न झालेल्या अंड्यातून नर निपजतो. कोषावस्थेत तीव्र उष्णता सोसलेल्या नराची प्रजननक्षमता घटते आणि त्याच्याशी जुगलेली मादी नरच जास्त देते. कीड मारणारी मादीच असल्याने पुढची पिढी संख्येने दिसली तरी कामाची उरत नाही. ट्रायकोग्रामाच्या काही प्रकारांत वोल्बाकिया नावाच्या जिवाणूमुळे माद्या नराविना माद्याच जन्माला घालतात. ३० अंशांहून जास्त उष्णतेत काही पिढ्या गेल्या की हा जिवाणू नाहीसा होतो आणि नर दिसू लागतात.

महाराष्ट्रातील खरी अडचण हंगामाची आहे. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या सुरू उसावर खोडकिडीचा जोर मार्च ते मे या काळात असतो, म्हणजे पोंगेमर (मधला कोंब वाळणे) सर्वाधिक आणि माशी सर्वांत दुबळी, हे एकाच वेळी. शिवाय वेधशाळेचे तापमान सावलीतले आणि जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपासचे. खोडकिडीची अंडी असतात खालच्या पानांच्या मागच्या बाजूला, तापलेल्या उघड्या सरीजवळ. तिथली हवा आकड्यापेक्षा गरम असते.

त्यात शिफारशीचे वेळापत्रकही तोकडे पडते. हेक्टरी ५०,०००, म्हणजे एकरी एक कार्ड, दर आठवड्याला आणि अशी चार ते सहा प्रसारणे (माश्या सोडण्याच्या फेऱ्या) हा प्रचलित पाठ. खोडकिडीची अंडी चार-सहा दिवसांत उबतात, उन्हाळ्यात त्याहून लवकर, आणि माशीला हवी असतात एक-दोन दिवसांची ताजी अंडी. सोमवारी बाहेर पडलेल्या माश्या बुधवारपर्यंत मेल्या, तर गुरुवारी घातलेली अंडी पुढच्या सोमवारपर्यंत शिळी झालेली असतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तेवढेच कार्ड अर्धे-अर्धे करून तीन-चार दिवसांच्या अंतराने लावणे, किंवा दोन वेगळ्या वयांच्या कार्डांच्या पट्ट्या एकत्र लावणे, हे एकदम पूर्ण कार्ड लावण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते.

माश्या मुख्यतः पहाटे बाहेर पडतात. त्यामुळे पूर्ण काळे झालेले (आत माशी वाढू लागली की अंडी काळी पडतात), सातव्या दिवसाचे कार्ड आदल्या संध्याकाळी लावावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी माद्यांना फिरायला काही तास मिळतात. सकाळी दहाला लावलेले कार्ड दिवसभर तापते. पट्ट्या पानाच्या मागच्या बाजूला, अंड्यांची बाजू सावलीत राहील अशा टाचाव्यात. माशी स्वतःहून फार लांब जात नाही, म्हणून दोन पट्ट्यांत ८-१० मीटरपेक्षा जास्त अंतर नको. आदल्या दिवशी पाणी दिलेले असेल आणि सरीत पाचटाचे आच्छादन असेल, तर जमिनीलगतची हवा थंड व दमट राहते. या दोन गोष्टींचा फायदा जास्तीच्या कार्डापेक्षा मोठा असतो. मुंग्या पट्ट्यांवरची अंडी उचलून नेतात, तेही नुकसान कार्डाच्याच खात्यात जमा होते.

उत्पादनाच्या खोलीत तापमान २६ ते २८ अंश आणि आर्द्रता ६५ ते ७५ टक्के ठेवतात. भरडलेल्या ज्वारीवर वाढवलेल्या कॉर्सिरा पतंगाची अंडी डिंकाने कार्डावर चिकटवतात आणि अतिनील दिव्याखाली ३० ते ४५ मिनिटे ठेवून आतला गर्भ मारतात. मग साधारण सहा कार्डांना एक बीजकार्ड (ज्यातून माश्या निघणार असे तयार कार्ड) या प्रमाणात माश्या सोडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी काळी पडू लागतात. काळे कार्ड १० अंशांच्या आसपास आठ-दहा दिवस थोपवता येते. त्याहून लांबवल्यास माश्या कमी निघतात आणि निघालेल्यांचे पंख चुरगळलेले असतात. फ्रीजच्या बर्फकप्प्यात तर सगळेच मरते. वाहतुकीत कार्ड थर्माकोलच्या डब्यात न्यावे, बर्फाची पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळावी, कारण कार्डावर पाणी साचले तर अंड्यांना बुरशी धरते. गाडीच्या काचेमागे तासभर राहिलेले कार्ड बाहेरून अगदी चांगले दिसते, म्हणून प्रत्येक खेपेतला एक तुकडा काचेच्या नळीत कापसाचे बूच लावून सावलीत ठेवावा आणि किती अंड्यांना भोके पडली ते भिंगाने मोजावे.

परोपजीवी आणि कीड यांची तापमानाची गरज सारखी नसते, हे युरोपातील काचघरांत लवकर ध्यानात आले. तिथे पांढऱ्या माशीवर एन्कार्सिया फॉर्मोसा ही परोपजीवी गांधीलमाशी सोडतात. १८ अंशांच्या आसपास पांढरी माशी तिच्या पुढे धावते आणि २६ अंशांना एन्कार्सिया तिला गाठते. तिकडे अडचण थंडीची, आपल्याकडे उन्हाची.

बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने, तो जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय म्हणून ओळखला जात असताना, चिलोनिसचा उष्णतासहिष्णू वाण निवडीने तयार केला. असा वाणही सारख्या २७ अंशांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवला तर निवडीचा दाब उरत नाही आणि सहनशीलता उतरणीला लागते. तो वापरणाऱ्या उत्पादन केंद्राला बीजकार्डांच्या काही पिढ्या अधूनमधून चढ्या तापमानात वाढवून त्यातून वाचलेल्या माश्याच पुढे बीजासाठी घ्याव्या लागतात.