‘शिसेमुक्त’ म्हणजे किती शिसं?

अमेरिकेत नळाच्या खोक्यावर ‘लेड-फ्री’ छापलेलं असतं. या शब्दाची व्याख्या तिथल्या केंद्रीय कायद्यात आहे. १९८६ साली ती अशी केली गेली: डाखात (सांधे जोडायला वितळवून लावतात त्या धातूत) ०.२ टक्के आणि पाइप-फिटिंगमध्ये ८ टक्क्यांपर्यंत शिसं चालेल. म्हणजे शंभर ग्रॅम पितळेत आठ ग्रॅम शिसं, तरी नाव शिसेमुक्त!

मुळात शिसं घालायचंच कशाला? नुसती पितळ लेथवर घेतली की लांब, चिवट कीस निघतो आणि हत्याराची धार लवकर जाते. शिसं पितळेत विरघळत नाही, बारीक कणांनी विखुरलेलं राहतं. त्यामुळे कीस तुटून पडतो आणि आटे झटपट पाडता येतात. पण रात्रभर नळात पाणी साचलं की तेच शिसं थोडं थोडं पाण्यात उतरतं, आणि सकाळी पहिला पेला भरणाऱ्याच्या वाट्याला येतं. (आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई तरी लावायचे. नळाच्या पोटात कोण लावणार?)

१९८६ च्याच नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ६५’ हा कायदा थेट मतदानाने मंजूर केला: घातक रसायनांबद्दल ग्राहकाला आधी सांगा आणि ती पिण्याच्या पाण्याच्या स्रोतात सोडू नका. १९९२ मध्ये राज्याने नळ बनवणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचलं. स्रोत म्हणजे नदी, तलाव, विहीर. घरातल्या नळाचा काय संबंध, असा कंपन्यांचा सवाल. १९९६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि नळातलं पाणीही त्यात धरलं. माझ्या मते खरी कलाटणी इथेच मिळाली.

त्याच वर्षी केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन नळही त्याच्या कक्षेत आले. शिसं असलेल्या डाखावर ‘पिण्याच्या पाण्याच्या कामात वापरणं बेकायदा’ हा इशारा ठळक छापणं सक्तीचं झालं. टक्के मात्र तसेच राहिले. २०१० पासून कॅलिफोर्नियाने ८ चे ०.२५ टक्के केले, तेही पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या सरासरीने. ४ जानेवारी २०१४ पासून तोच आकडा देशभर लागू झाला.

पण नळात शिसं किती यापेक्षा पाण्यात उतरतं किती, हा प्रश्न महत्त्वाचा. कॅलिफोर्नियाच्या २०२१ च्या कायद्याने तिथे बोट ठेवलं: चाचणीत जास्तीत जास्त १ मायक्रोग्रॅम, जिथे आधी ५ चालत होते. २०२३ पासून तिथल्या खोक्यावर ‘क्यू ≤ १’ ही खूण शोधायची, म्हणजे चाचणीतला आकडा १ किंवा कमी. केंद्रीय नियमानुसारही त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ‘लेड-फ्री’ म्हणवणाऱ्या मालाला प्रमाणपत्र लागतं.

शॉवरच्या आणि बाथटबच्या नळांना ०.२५ ची अट आजही नाही.