निरोगी मेंढीच्या नाकातला न्यूमोनिया

संध्याकाळी व्यवस्थित चरून आलेलं कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. जखम नाही, पोटफुगी नाही. शवविच्छेदनात मात्र फुफ्फुसाचा पुढचा, खालचा भाग गडद लाल आणि यकृतासारखा घट्ट दिसतो. निरोगी फुफ्फुसाचा तुकडा पाण्यावर तरंगतो, हा बुडतो.

यामागे बहुतेकदा मॅनहायमिया हिमोलिटिका हा जीवाणू असतो. 1999 पर्यंत तो पाश्चुरेला या वंशात (जीनसमध्ये) मोजला जाई, म्हणून अनेकांच्या तोंडी जुनंच नाव आहे. त्याच्याबद्दल मेंढपाळाला कळायलाच हवी अशी गोष्ट म्हणजे, धडधाकट मेंढ्यांच्या नाका-घशात आणि टॉन्सिलमध्ये त्याचा कायमचा मुक्काम असतो. कोकरांना तो आईकडूनच मिळतो. त्यामुळे दरवेळी कळपात नव्याने आलेल्या मेंढीला दोष देणं बरोबर नाही.

एरवी तो डोकं वर काढत नाही, कारण श्वासनलिकेतले केसांसारखे बारीक तंतू सतत हलत असतात आणि कफासकट जंतूंना घशाकडे ढकलतात. मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनिये हा दुसरा जीवाणू नेमका या तंतूंना चिकटतो आणि त्यांची हालचाल मंदावते. पॅराइन्फ्लुएन्झा-3 सारखा विषाणू, लांबचा प्रवास, पावसात भिजणं, आईपासून तोडणं, यांनीही वाट मोकळी होते.

फुफ्फुसात उतरलेला मॅनहायमिया ल्युकोटॉक्सिन नावाचं विष सोडतो. ते रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पांढऱ्या पेशींवरच चालतं, कारण त्या पेशींवरच्या सीडी-18 या प्रथिनाला ते चिकटतं. जंतूंना गिळायला धावून आलेल्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातली जहाल रसायनं फुफ्फुसावरच सांडतात. म्हणजे नासधुशीचा मोठा भाग मेंढीच्या स्वतःच्या संरक्षक पेशींमुळे होतो. जीवाणू मारले तरी घट्ट झालेलं फुफ्फुस लगेच पूर्ववत होत नाही, ते यामुळेच.

म्हणून उपचाराला उशीर नको. कळपामागे रेंगाळणारी, मान खाली घातलेली, धाप लागलेली मेंढी दिसली की ताप मोजावा, 40.5 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावं. प्रतिजैविक त्यांनीच निवडावं. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेशीभित्तिकेवरच घाव घालणारं पेनिसिलिन त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतं.

मॅनहायमियावर लस आहे. विण्याआधी मेंढीला दिली तर चिकावाटे कोकराला संरक्षण मिळतं, पण ते काही आठवड्यांतच ओसरतं. पुढे कोकराला स्वतःची लस लागते. शिवाय कोंदट वाड्यात एकटी लस पुरी पडत नाही. मूत्रातून सुटणारा अमोनिया श्वासमार्गाचं अस्तर जाळतो, आणि उभ्या माणसाला तो जाणवेलच असं नाही. कोकराच्या नाकाच्या उंचीवर बसून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर आधी ओलं अंथरूण काढून हवा खेळती करायला हवी.