विश्वं अनेक असतील, तर आशेला जागा आहे का?

अर्धपारदर्शक आरशावर प्रकाशाचा एकच कण, म्हणजे एकच फोटॉन सोडला. आरशापलीकडे एक डिटेक्टर, बाजूला दुसरा. फोटॉनचे दोन तुकडे होत नाहीत. नोंद एकाच डिटेक्टरमध्ये होते, आणि कोणत्या, ते आधी सांगता येत नाही. लेसरवर काम करणाऱ्या आमच्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात, म्हणजे गावच्या भाषेत ‘कॅट’मध्ये, हे कोणाला नवीन नाही. क्वांटम भौतिकीच्या, म्हणजे अशा सूक्ष्म कणांच्या शास्त्राच्या, समीकरणात मात्र दोन्ही वाटा शाबूत असतात. मग दुसरी गेली कुठे?

कुठेही नाही, असं ह्यू एव्हरेट या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्याने १९५७ मध्ये मांडलं. दोन्ही नोंदी होतात, पाहणाऱ्याच्याही दोन शाखा होतात आणि त्यांचा एकमेकींशी संबंध तुटतो. अनेक विश्वांच्या कल्पनेचं हे एक मूळ.

रामबागेत गणपतीतल्या व्याख्यानानंतर एक काकू थांबल्या. मुलगा दुचाकीच्या अपघातात गेलेला. म्हणाल्या, ‘सर, मग एखाद्या विश्वात तो घरी पोचला असेल ना हो?’

अनेक विश्वांकडून माणसं जी आशा धरतात, ती सगळी या एका प्रश्नात आहे. मी म्हटलं, ‘काकू, एव्हरेट बरोबर असेल तर असेलही. पण तो तिथल्या आईकडे पोचला. तुमचं दुःख त्याने खोटं ठरत नाही.’ त्या शाखेतून इथे काही येऊ शकत नाही, साधा निरोपही नाही. शिवाय जिथे याहून वाईट घडलं, त्या शाखाही तितक्याच खऱ्या. चांगल्या तेवढ्याच मोजायच्या, असा हिशेब होत नाही.

मुळात शाखा मोजून काही हाती लागत नाही. बघायचं ते त्यांचं वजन, म्हणजे तो निकाल दिसण्याची शक्यता. आता दहापैकी नऊ भाग प्रकाश आरपार सोडणारा आरसा घ्या. निकाल पूर्वीसारखेच दोन, पण वजन ९० विरुद्ध १०. हे वजन काढायचा नियम भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये दिला आणि आजवरच्या प्रयोगांत तो टिकून आहे. सगळ्याच शाखा खऱ्या असतील तर एकीचं वजन जास्त म्हणजे नेमकं काय, यावर वाद आहे. माझ्या मते एव्हरेटच्या मांडणीची दुखरी जागा तीच.

रक्तदाबाची गोळी रोज न चुकता घेणारा माणूस जवळजवळ सगळ्या वजनदार शाखांत ती घेतोच, आणि तो धडधाकट राहण्याचं वजन वाढतं. विश्व एक धरा नाहीतर असंख्य, उत्तर तेच येतं. म्हणून ‘सगळंच कुठे ना कुठे घडणार, तर धडपड कशाला’ ही निराशाही मला बिनबुडाची वाटते.

आता प्रयोगांकडे. ठरावीक आकारापुढे निसर्ग एकच वाट शिल्लक ठेवत असेल, तर जड वस्तूंच्या दोन वाटांमधलं व्यतिकरण, म्हणजे दोन्ही वाटा एकत्र आल्यावर उमटणारे लहरींसारखे पट्टे, दिसेनासं व्हायला हवं. २०१९ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुमारे २००० अणूंच्या रेणूंचं व्यतिकरण दाखवलं. एवढ्याने एव्हरेट सिद्ध होत नाही, पण तशी मर्यादा तिथवर तरी आढळली नाही. ती सापडली, तर एव्हरेटच्या शाखांचा प्रश्न तिथेच मिटेल.