क्रॉसिंगला अडकलेला कॉम्प्युटर

एप्रिलमध्ये, ऐन सीझनात, देवगडहून आतेभावाचा फोन आला. आंब्याच्या पेट्या भरून तयार, रात्री गाडी निघायची, आणि बिलं काढायचा कॉम्प्युटर सुरू होईना. कंपनीचं चिन्ह यायचं, खाली ठिपक्यांचं वर्तुळ चार-पाच वेढे घ्यायचं आणि तिथेच थिजायचं. दुरुस्तीवाला फॉरमॅट मारू म्हणत होता. मी म्हटलं, अजिबात नको. आत तीन वर्षांचा हिशेब आहे.

किनाऱ्यावर मशीन बसलं की पहिला संशय खाऱ्या हवेवर जातो, आणि तो रास्त असतो. रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात, खोडरबराने हलके घासले की कॉम्प्युटर पुन्हा उठतो. पण रॅम रुसली की बहुधा पडदा काळाच राहतो किंवा नुसती बीप ऐकू येते. चिन्ह दिसून, वर्तुळ फिरू लागून मग सगळं गोठलं तर डिस्क तरी मरायला टेकलेली असते, नाहीतर ड्रायव्हरचं भांडण असतं.

ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यातला दुभाषी. बिलाचा प्रोग्राम अडकला तर तेवढाच बंद करता येतो. ड्रायव्हर मात्र बहुतेक वेळा कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो. तो अडला की सगळंच अडतं.

अडतो कसा? कोकण रेल्वे बहुतांश एकेरी आहे. समोरासमोरच्या गाड्या स्टेशनातच एकमेकींना ओलांडतात, म्हणून आपण क्रॉसिंगला तासतासभर बसतो. समजा, दोन गाड्या लागून असलेल्या दोन टप्प्यांवर समोरासमोर सोडल्या. हिला तिचा टप्पा रिकामा हवा, तिला हिचा. दोघीही जन्मभर उभ्या! रेल्वेत सिग्नल असं होऊ देत नाही. दोन ड्रायव्हर मात्र एकमेकांच्या ताब्यातली गोष्ट मागत असे उभे राहू शकतात. मशीन तापत नाही, काही जळत नाही, नुसती वाट पाहणं चालू असतं.

जुन्या काळी भांडण उघड असे. 1981च्या आयबीएम पीसीत उपकरणांनी प्रोसेसरला हाक मारायच्या वाटा आठच होत्या, 1984च्या मॉडेलमध्ये सोळा झाल्या. साउंड कार्ड आणि प्रिंटर दोघेही सात नंबर मागत. आता त्या वाटा मुबलक आहेत. तंटा होतो तो एकाच उपकरणावर दोघांनी हक्क सांगितला की.

मी भावाला एवढंच विचारलं, "परवापासून नवीन काय जोडलंस?"

"काय नाय रे, नवो काटो हाडलंय."

वजनकाट्याची जुन्या पद्धतीची सीरियल केबल यूएसबीत बसवायचा कन्व्हर्टर होता आणि त्यासाठी त्याने सोबतच्या जुन्या सीडीवरून ड्रायव्हर टाकला होता. विंडोजने स्वतःचा आधीच बसवलेला! केबल काढूनही मशीन अडकतच होतं. मग वर्तुळ दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायला सांगितलं, लागोपाठ दोनदा. तिसऱ्यांदा विंडोज दुरुस्तीच्या पडद्यावर आली. तिथून स्टार्टअप सेटिंग्ज, मग 4, म्हणजे सेफ मोड. यात फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर उठतात. सेफ मोड चालला म्हणजे डिस्क आणि रॅम बहुतेक शाबूत, हे मोठंच उत्तर असतं. हिशेबाची फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची वेळही हीच.

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख कॉम्प्युटर सुरू होताना कोसळत होते, तेव्हाही असंख्य ठिकाणी माणसांनी याच दाराने आत जाऊन ती एक फाइल काढली होती.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, न जोडलेली उपकरणं दाखवायला लावली, तर काट्याच्या केबलची नोंद दोनदा. सीडीवरचा ड्रायव्हर काढताना त्याची फाइलही पुसायच्या चौकटीत खूण करायला लावली. ती राहिली तर विंडोज तोच पुन्हा बसवते. पुढच्या वेळी मशीन सरळ सुरू झालं. आत कोण कोणाची वाट पाहत होतं ते बाहेरून दिसलं नाही, पण जुना गेला आणि वाट मोकळी झाली.

संध्याकाळी परत फोन: माउसचा बाण आपोआप पडद्यावर उड्या मारतोय. हे मात्र ओळखीचं होतं. काटा सतत वजनाचे आकडे पाठवत असतो, आणि सुरू होताना विंडोज कधीकधी त्या आकड्यांना सीरियल माउस समजून बसते. तो खोटा माउस डिव्हाइस मॅनेजरमध्ये निष्क्रिय केला. तरी भाऊ आता आधी कॉम्प्युटर सुरू करतो, आणि काटा नंतर.