ड्रिलचं पाणी उतरतं तेव्हा

माझ्या पद्मिनी गाडीचा मागचा एक कमानपाटा (लीफ स्प्रिंगची पोलादी पट्टी) तुटला. कुर्ल्याचा कारखाना कधीच बंद झालाय, 2023 ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीपण गेली, त्यामुळे जुन्या बाजारात त्याच रुंदीचा पाटा मिळाला हेच नशीब, फक्त मधल्या बोल्टचं भोक नव्हतं. म्हटलं 8 एमएमचं एक भोक, त्यात काय एवढं.

दहा सेकंदात ड्रिल किंचाळायला लागलं, धूर आला आणि पाट्यावर आरशासारखा एक चकचकीत ठिपका. बस. बिटचे कोपरे गोल, दुसऱ्या बिटचंही तेच.

लोहार म्हणतात ना हत्याराला पाणी दिलं, तेच पाट्याला दिलेलं असतं. पोलाद लालबुंद तापवून तेलात बुडवलं की लोखंडाच्या अणूंची रचना क्षणात बदलते, कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकून बसतो आणि अणूंचे थर एकमेकांवरून सरकेनात की झालं पोलाद टणक. मग परत 400-500 अंशांना तापवून ठिसूळपणा कमी करतात. असा पाटा रॉकवेल या टणकपणाच्या मापावर साधारण 45 भरतो आणि आपलं एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट 63-64, म्हणजे बिट जिंकायला पाहिजे! पण एचएसएसचं पाणी 600 अंशांच्या आसपास उतरायला लागतं, म्हणजे ते मऊ पडतं, आणि मी तर मशीन फुल स्पीडला सोडलेलं. 2800 आरपीएमला 8 एमएम बिटची कड मिनिटाला 70 मीटर पळते, अशा पोलादाला 8 मीटर पुरे, म्हणजे जेमतेम 320 आरपीएम. वर मी घाबरून हलका हात ठेवलेला, त्यामुळे बिट कापायच्या ऐवजी नुसतं घासत बसलं, आणि घासलं की उष्णता सगळी त्या कडेतच.

पाटा तापवून मऊ करावा असं एक जण म्हणाला. होईल की, पण मग तिथलं पाणी उतरणार आणि कमान मुळात मधल्या भोकापाशीच तुटते, कारण ताण तिथेच गोळा होतो. कार्बाइड बिट आणखी कडक, पण हातातल्या मशीनवर जरा हललं की काचेसारखं तुकडा पडतं.

शेवटी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पिलर ड्रिलवर (खांबाला बसवलेलं ड्रिल मशीन) पाटा घट्ट आवळला, पाच टक्के कोबाल्टवालं बिट लावलं (हे तापलं तरी धार जास्त वेळ धरतं), टोकाचा कोन 135 अंश, सगळ्यात कमी स्पीड, कटिंग ऑइल आणि हँडलवर न सोडता दाब. आधी 4 एमएम, कारण बिटच्या अगदी मध्यभागी वेग शून्य असतो, तिथे कापणं नाहीच, नुसतं दाबणं, मग ते काम छोट्या बिटने आधीच उरकायचं. आवाजच वेगळा, खर्रर्र असा, आणि भुकटीऐवजी सलग वेटोळी निघाली, पिवळसर झाक असलेली. आरपार जाताना मात्र बिट अडकतं, तिथे हात सैल सोडला. दहा मिनिटं लागली, बिट अजून चालू आहे.