आरती मशीनचा टायमर मोटरला थेट जोडू नका

विश्वस्त मंडळी, पुजारीकाका आणि मंदिराचे वायरिंग सांभाळणारे इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी

नगारा, घंटा आणि झांजा वाजवणाऱ्या आरती मशीनला आम्ही नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या वर्कशॉपमधून टायमरचा पॅनल बसवून दिला, की काही महिन्यांनी आम्हाला जो फोन येतो तो बहुधा एकच असतो: "टायमरवर ऑफ दिसतंय, पण मशीन थांबतच नाही." फोन बऱ्याचदा पहाटे येतो आणि मागे नगारा चालू असतो. पॅनल उघडून पाहिले, की कारणही जवळपास नेहमी तेच निघते. कोणीतरी मधला कॉन्टॅक्टर, म्हणजे टायमरच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा दणकट स्विच, काढून मोटरची वायर सरळ टायमरला दिलेली असते.

असे करणाऱ्या इलेक्ट्रिशियनचा हिशोब आम्हाला कळतो. टायमरवर १६ अँपिअर लिहिलेले असते. पाव एचपीची मोटर चालताना दोन अँपिअरच्या आसपास घेते. मग मध्ये आणखी एक डबा कशाला? पण तो १६ चा आकडा गीझर किंवा हीटर अशा लोडसाठी असतो. मोटरसाठीचा आकडा टायमरच्या कागदावर वेगळा दिलेला असतो आणि तो बराच कमी असतो. मोटर सुरू होताना चालू करंटच्या चार ते सहा पट करंट ओढते. बंद होताना तर त्याहून वाईट, कारण मोटरच्या कॉइलमधला करंट एकदम तुटत नाही, कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगी पडते. टायमरच्या आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, काडेपेटीहून लहान. रोज काकडआरती, धूपारती, शेजारती धरली, तर प्रत्येक वेळी त्याच्या कॉन्टॅक्टच्या त्याच दोन बारीक टिकल्यांवर ठिणगी. टिकल्या खडबडीत होतात, तापतात आणि एक दिवस एकमेकींना चिकटतात. मग टायमर आपले काम चोख करतो, पडद्यावर ऑफ दाखवतो, पण वीज चालूच राहते.

थेट जोडणी पहिले काही महिने उत्तम चालते, म्हणूनच आमचे म्हणणे लवकर पटत नाही. पुढे मशीन अडकले, की लोक टायमरची बटणे दाबत बसतात, त्यात सगळा प्रोग्रॅम पुसला जातो. कोणी टायमरवर टपली मारतो, चिकटलेल्या टिकल्या सुटतात, चार दिवस बरे जातात. तो टायमर दुरुस्त झालेला नसतो, पुन्हा अडकणारच असतो. असे झाले तर फक्त पॅनलचा एमसीबी (आपोआप पडणारा खटका) खाली करा, टायमरला हात लावू नका आणि आम्हाला कळवा.

कॉन्टॅक्टरचे काम सरळ आहे. टायमर त्याच्या कॉइलला किरकोळ करंट देतो आणि मोटरचा सगळा भार कॉन्टॅक्टरचे जाड, स्प्रिंगवाले कॉन्टॅक्ट उचलतात. ते मोटरसाठीच बनवलेले असतात. आम्ही दोन पोलचा वापरतो, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. काही ठिकाणी टायमर न्यूट्रलमध्ये टाकलेला आम्ही पाहिला आहे. तिथे मशीन थांबलेले दिसते, पण मोटरपर्यंत फेज आलेला असतो. मशीन सुरू होताना पॅनलमधून 'ठक्' असा आवाज येतो, तो कॉन्टॅक्टरचा. तो दोष नाही.

काही शे रुपयांच्या या वस्तूसाठी आम्ही हट्ट धरतो, आणि कॉन्टॅक्टर काढलेला आढळला तर टायमर गॅरंटीत बदलून देत नाही. "नुसता टायमर द्या, आमचा माणूस बसवेल," या मागणीलाही नाही म्हणतो. यामुळे काही गिऱ्हाइके जातात. पण नारोशंकराच्या घंटेच्या या गावात मध्यरात्री आपोआप वाजणारी घंटा आळीला सहन करावी लागू नये, हे आमचे काम आहे असे आम्ही मानतो. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ आहे आणि रहिवासी भागात त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणून सहाच्या आधीची वेळ आम्ही विश्वस्तांनी लेखी सांगितल्याशिवाय टायमरमध्ये घालत नाही.

सप्लायबद्दलही नेहमी विचारणा होते. मशीनची लाईन डीबीपासून (वीज वाटणाऱ्या पेटीपासून) स्वतंत्र घ्या, मंडपाच्या रोषणाईवरून नको. नवरात्रात माळा लागल्या, की व्होल्टेज पडते. २३० चे १८० झाले, तर मोटरचा सुरू होण्याचा जोर साठ टक्क्यांवर येतो. मग ती नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि तापते. छोट्या इन्व्हर्टरवर मोटर चालवू नका. टायमर एकटा चालेल. तसेही वीज गेल्यावर आतली बॅटरी घड्याळ चालू ठेवते. फक्त यात्रेपुरते उघडणाऱ्या मंदिरात पॅनल महिनोन्महिने बंद राहते, तिथे बॅटरी उतरते आणि वेळ पुन्हा लावावी लागते.

अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर आम्ही मशीन चालू करून देत नाही. अभिषेकाची ओली फरशी, लोखंडी सांगाडा, पितळी घंटा आणि अनवाणी माणसे, इथे तडजोड नको. मशीन सभामंडपातच ठेवा, गाभाऱ्यात नको. तेल घालताना किंवा नगाऱ्याचे कातडे ताणताना आधी एमसीबी बंद करा, कारण टायमर न सांगता मशीन सुरू करतो आणि दांड्यांत बोटे सापडतात.

एकादशीला आरती पुढे-मागे होते, म्हणून आमच्या प्रत्येक पॅनलवर ऑटो-मॅन्युअल स्विच असतो, आणि दाराच्या आतल्या बाजूला वायरिंगचे चित्र चिकटवलेले असते. ते काढू नका, पुढच्या इलेक्ट्रिशियनला लागेल. मशीन दुसऱ्या कोणाकडचे असले तरी त्याला पॅनल बसवून देतो. २०२७ च्या सिंहस्थाआधी काम हवे असेल, तर मोटरवरच्या पट्टीचा आणि डीबीचा उघड्या दाराने काढलेला फोटो आमच्या सातपूरच्या वर्कशॉपला पाठवा. त्यावरून कोणता पॅनल लागेल ते आम्ही येण्याआधीच सांगतो.