उत्तराआधीची तीन सेकंदे

ऑनलाइन वर्गात मुले बोलत नाहीत, कारण त्यांचे लक्षच नसते, असे इंदूरच्या आम्हा शिक्षकांत सर्रास म्हटले जाते, आणि गेल्या वर्षापर्यंत मीही तेच म्हणत असे. रामबागेतल्या घरातून मी देवास, महू आणि धारच्या दहावीच्या मुलांना संध्याकाळी भौतिकशास्त्र शिकवते. एकदा गोलीय आरशांच्या तासाचे ध्वनिमुद्रण स्टॉपवॉच घेऊन ऐकले, तेव्हा लक्षात आले की प्रश्न विचारल्यावर सव्वा सेकंदाच्या आत बहुतेक वेळा मीच उत्तर सांगून मोकळी होत होते.

हा सव्वा सेकंद किती अपुरा आहे, हे कळण्यासाठी संभाषणाची घडी पाहावी लागते. जपानी, डॅनिश, लाओ अशा १० भाषांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नानंतर उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग जातो, असे त्यात आढळले. आता दुसरा आकडा पाहा. समोरच्या चित्राचे नुसते नाव उच्चारायचे, तरी वस्तू ओळखणे, शब्द आठवणे, त्याचे ध्वनी जुळवणे आणि जीभ-ओठांना हलवणे यांत सुमारे ६०० मिलिसेकंद जातात. सहाशेचे काम दोनशेत उरकते, कारण ऐकणारा वाक्य संपण्याची वाट पाहतच नाही; तो अर्ध्या वाक्यात अर्थ ताडून उत्तर जुळवू लागतो, आणि उतरता स्वर, लांबलेले शेवटचे अक्षर, श्वास व नजर यांवरून आपली पाळी नेमकी हेरतो.

इंटरनेटवर आवाज तुकड्यातुकड्यांनी प्रवास करतो, आणि हे तुकडे मागेपुढे पोहोचत असल्याने पलीकडचे यंत्र ते क्षणभर साठवून ओळीने वाजवते. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असला तर संभाषणाला सहसा बाधा येत नाही आणि तो ४०० च्या वर जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. समजा, तो ३०० आहे. माझा प्रश्न जायला ३००, मुलीचे तत्पर उत्तर सुरू व्हायला २००, ते माझ्यापर्यंत यायला ३००, म्हणजे तिने क्षणाचाही विलंब लावला नसताना मला ८०० मिलिसेकंद शांतता ऐकू येते. त्यात विचार करण्याचा आणि म्यूट काढण्याचा वेळ अजून धरलेलाच नाही. जिला आपण दुर्लक्ष समजतो, ती शांतता बरीचशी तारेतली असते.

‘तुमचे मूल दृश्य पद्धतीने शिकते की श्राव्य, ते ओळखून शिकवतो’ अशा जाहिराती आमच्याकडे भिंतीभिंतींवर दिसतात. या कल्पनेला पुरेसा पुरावा नाही, असे मानसशास्त्रज्ञांनी २००८ च्या एका आढाव्यात स्पष्ट दाखवले आहे. तो खर्च पालकांनी खुशाल वाचवावा.

पुरावा आहे तो थांबण्याला. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबताना आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ कमी झाले आणि मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागली. त्यांनी विराम दोन मानले, एक प्रश्नानंतरचा आणि दुसरा मुलाच्या उत्तरानंतरचा. दुसरा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण ‘बरोबर’ म्हणण्याच्या घाईत शिक्षक मुलाचे पुढचे वाक्य तोडतो. शिकवता शिकवता आणि शिकवून झाल्यावर, असे आत्मपरीक्षणाचे दोन प्रकार अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडले. माझ्या बाबतीत दुसऱ्याने पहिला शिकवला.

त्या ध्वनिमुद्रणात एक जागा आहे. वस्तू अंतर्वक्र आरशाच्या नाभीवर, म्हणजे फोकसवर, असेल तर प्रतिमा कुठे, असे मी विचारते, महूची एक मुलगी “मॅम, अ…” एवढेच म्हणते आणि तिच्या आवाजावर माझा आवाज चढतो, “अनंत पर, शाबाश!” पुढच्या तासाला तिला विचारले आणि मनात तीन आकडे मोजले. ती म्हणाली, “मॅम, मैं पूछ रही थी, अगर वस्तु फोकस से ज़रा-सी अंदर हो तो?” अनंतावर गेलेली प्रतिमा वस्तू केसभर सरकताच आरशामागे, सुलटी आणि मोठी कशी उगवते, यावर त्या दिवशीचा पूर्ण तास गेला.